लेझर मापन आणि पृष्ठभागाचा स्वभाव

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत बांधकामाशी संबंध असलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या खिशात आज मोबाइलएवढे एक उपकरण असते. बटण दाबले की समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका उमटतो आणि क्षणार्धात पडद्यावर अंतराचा आकडा येतो, तोही मिलिमीटरपर्यंत. कुणी त्याला लेझर मीटर म्हणतो, कुणी लेझर टेप, तर कुणी नुसते ‘डिस्टो’. हे शेवटचे नाव मुळात एका स्विस कंपनीने १९९३ साली बाजारात आणलेल्या उपकरणाचे. हातात धरून वापरण्याजोगे ते पहिलेच लेझर अंतरमापक असल्यामुळे त्याचे विशेषनाम पुढे सामान्यनाम होऊन बसले.

अशा उपकरणाच्या खोक्यावर ‘अधिक-उणे २ मिलिमीटर’ किंवा ‘अधिक-उणे १.५ मिलिमीटर’ असा अचूकतेचा दावा छापलेला असतो. सोबतच्या पुस्तिकेत मात्र बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य असते. ही अचूकता अनुकूल परिस्थितीतील असून काच, रंगहीन द्रव, थर्मोकोल, अर्धपारदर्शक अथवा अतिशय चकचकीत पृष्ठभागांवर चूक होऊ शकते, असे ते वाक्य सांगते. खोक्यावरचा आकडा सर्वांना पाठ असतो; पुस्तिकेतील वाक्य सहसा कोणी वाचत नाही. प्रस्तुत लेख त्या न वाचलेल्या वाक्यासंबंधी आहे.

हा विषय केवळ भौतिकशास्त्राच्या तासापुरता नाही. मुंबईतील चाळीतली किंवा झोपडीतली खोली सोडून बदलापूर-अंबरनाथकडे आलेल्या असंख्य कुटुंबांची आयुष्यभराची कमाई चारशे चौरस फुटांच्या आसपासच्या सदनिकेत गुंतलेली असते. स्थावर संपदा कायदा, २०१६ अन्वये विक्री चटई क्षेत्रावर होते. चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे मार्ग आणि बाल्कनी वगळून, परंतु आतल्या विभाजक भिंतींसह, वापरण्याजोगे निव्वळ क्षेत्र. महाराष्ट्रातील आदर्श करारनाम्यात या क्षेत्रफळात ३ टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य केलेली आहे. त्यापलीकडे क्षेत्र कमी भरले तर विकासकाने पैसे परत करावयाचे असतात. चारशे चौरस फुटांच्या ३ टक्के म्हणजे १२ चौरस फूट. एवढ्या अंतरावरून वाद उभा राहतो, आणि वादात दोन्ही पक्षांच्या हाती तेच उपकरण असते.

आता हिशेब करून पाहू. खोली ३ मीटर रुंद व साडेतीन मीटर लांब आहे, आणि दोन्ही मापांत २ मिलिमीटरची चूक झाली असे समजू. क्षेत्रफळातील फरक येतो सुमारे ०.०१३ चौरस मीटर, म्हणजे ०.१४ चौरस फूट. हा फरक क्षुल्लक आहे. उपकरणाच्या घोषित चुकीने कोणाचेही नुकसान होत नाही. पण समोरच्या भिंतीत सरकत्या काचेची खिडकी असेल, किरण काचेतून पार जाऊन बाहेरच्या जाळीवर किंवा ग्रिलवर पडला असेल आणि ती १२ सेंटिमीटर मागे असेल, तर ३ मीटर रुंदीच्या खोलीत ०.३६ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३.९ चौरस फूट, जास्त मोजले जातात. एका खोलीतील एका मापाने त्या १२ चौरस फुटांपैकी तिसरा हिस्सा गिळला. आणि ही चूक घेणाऱ्याच्या विरुद्ध जाते, कारण खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. बिघाड मात्र उपकरणात कोठेच नव्हता. त्याने ज्या वस्तूवरून प्रकाश परत आला तिचे अंतर इमानाने सांगितले. आपल्याला हवी होती ती वस्तू ती नव्हती, एवढेच.

हे उपकरण अंतर कसे ओळखते? प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो. बदलापूरहून अंबरनाथ रेल्वेने सुमारे ८ किलोमीटर आहे. तेवढे अंतर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे ५३ भाग पुरतात. खोलीतील १ मिलिमीटरचा फरक ओळखायचा म्हणजे सेकंदाच्या लक्ष-कोटी भागांपैकी ६.७ भाग मोजायला हवेत. इतक्या सूक्ष्म काळाचे घड्याळ खिशातल्या उपकरणात बसविणे कठीण आहे. म्हणून बहुतेक उपकरणे निराळी युक्ती करतात. लेझरच्या प्रकाशाची तीव्रता ती सेकंदाला कोट्यवधी वेळा कमी-जास्त करतात आणि परतलेल्या प्रकाशातील चढ-उतार पाठविलेल्या चढ-उतारांच्या किती मागे पडला ते पाहतात. चंद्र एका चक्रात कोठवर आला हे जसे आपण त्याच्या कलेवरून सांगतो, तसे येथे तरंगाची कला पाहिली जाते. सेकंदाला १० कोटी चढ-उतार असतील तर एक पूर्ण चक्र दीड मीटर अंतराशी जुळते, आणि १ मिलिमीटर म्हणजे त्या चक्राचा दीड हजारावा भाग. दीड मीटरची किती चक्रे पूर्ण झाली हे ठरविण्यासाठी निरनिराळ्या वारंवारता वापरतात. तासकाटा व मिनिटकाटा मिळून जशी एक वेळ निश्चित करतात, तशीच ही व्यवस्था होय. दूरची अंतरे मोजणारी काही उपकरणे मात्र प्रकाशाचा छोटा स्पंद सोडून त्याच्या परतीचा वेळ थेटच मोजतात.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. प्रकाश परत यायला हवा, आणि तो जेथून परतायला हवा तेथूनच यायला हवा. ही अट पूर्ण करणे उपकरणाच्या हाती नसून समोरच्या पृष्ठभागाच्या हाती असते.

जुन्या मोजणीत असे नव्हते. आपल्याकडे जमिनीच्या मोजणीत ३३ फुटांची शंकू साखळी चालत असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ही साखळी ताणली, झोळली किंवा उन्हाने वाढली तर माप चुके, परंतु खुंटी ज्या जमिनीत ठोकली ती काळी आहे की मुरमाड, याने फरक पडत नसे. चूक साखळीची किंवा ओढणाऱ्याची. प्रकाशाने मोजताना चूक पलीकडच्या टोकाला, म्हणजे ज्याला मोजायचे त्याच्याच अंगी राहू लागली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘प्रमाण’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत: माप, आणि खरे ज्ञान मिळविण्याचे साधन. या दुसऱ्या अर्थाच्या प्रमाणाचा सर्वांत कसून विचार ज्यांनी केला त्यांत बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि धर्मकीर्ती अग्रणी होते. प्रत्यक्ष ज्ञान भ्रांतिरहित असले पाहिजे, अशी अट धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदु’ या ग्रंथात घातली आणि भ्रांतीची कारणे उदाहरणांनी दाखविली: डोळ्याचा तिमिर रोग, वेगाने फिरविलेले कोलीत, नावेतून प्रवास आणि शरीरातील क्षोभ. त्यावर टीका लिहिणाऱ्या धर्मोत्तराने या चारांची जागा वेगवेगळी असल्याचे दाखविले. तिमिराचा दोष इंद्रियात, म्हणजे साधनात आहे. फिरत्या कोलिताचे चक्र दिसते तेव्हा दोष विषयात, म्हणजे पाहिल्या जाणाऱ्या वस्तूत आहे. नावेतून काठची झाडे पळताना दिसतात तेव्हा तो पाहणाऱ्याच्या बाह्य आधारात आहे. आणि शरीरक्षोभाचा दोष आतला आहे. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या सर्वेक्षकाला जशीच्या तशी उपयोगी पडते. उपकरण बिघडले आहे, की तिवई हलते आहे, की घेणाऱ्याचा हात थरथरतो आहे, की समोरची वस्तूच फसवी आहे, हे चार प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. उपकरण बदलून विषयातला दोष जात नाही. या लेखापुरता आपला संबंध त्या विषयगत दोषाशी आहे.

पृष्ठभागाचा सर्वांत साधा गुण म्हणजे तो किती प्रकाश परत करतो. पांढरा चुना किंवा ताजा पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी साधारणतः ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो, कोरडे सिमेंट काँक्रीट २५ ते ४० टक्के, तर काळा पाषाण किंवा डांबर १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. शिवाय खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे उपकरणापर्यंत पोचणारा भाग अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दहापट कमी परावर्तन करणारी भिंत १० मीटरवर असली तर ती पांढऱ्या भिंतीच्या तुलनेत ३१ मीटरवर असल्यासारखी वागते, कारण १० चे वर्गमूळ ३.१६ आहे. दुबळा प्रतिसाद उपकरणातील विद्युत-गोंगाटात मिसळतो आणि आकडे पुढेमागे होऊ लागतात. रंगाचाही येथे संबंध येतो. या उपकरणांचा प्रकाश तांबडा, बहुधा ६३५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तांबडी वीट त्याला चांगली परत करते. गडद हिरवा किंवा निळा रंग आपल्या डोळ्याला उजळ वाटला तरी तांबड्या लेझरला जवळजवळ काळाच दिसतो.

येथपर्यंतची चूक निदान प्रामाणिक असते, म्हणजे ती कधी पुढे, कधी मागे पडते आणि दहा मापांची सरासरी घेतली की बरीचशी निवळते. काळ्या पृष्ठभागाची दुसरी खोड अधिक कावेबाज आहे. स्पंद सोडणाऱ्या उपकरणात परतणारा प्रकाश एकदम उसळत नाही; त्याची तीव्रता चढत जाते आणि ठरावीक उंबरठा ओलांडला की घड्याळ थांबते. जोरदार प्रतिसाद उंबरठा लवकर ओलांडतो, क्षीण प्रतिसाद उशिरा. परिणामी काळी भिंत आहे त्यापेक्षा किंचित दूर भासते, आणि ती दर खेपेला तशीच भासते. अशा चुकीपुढे सरासरी निरुपयोगी आहे. दहादा मोजले तरी दहाही आकडे परस्परांशी जुळतील आणि सगळे सारखेच चुकलेले असतील. आकडे जुळतात म्हणून माप खरे, हा समज किती ठिकाणी आपला घात करतो! चांगल्या उपकरणांत तीव्रतेनुसार दुरुस्ती केलेली असते, पण तिलाही मर्यादा आहेत.

काळ्या पाषाणाचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावयास नको. वालधुनीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर, शिलाहार राजवटीतील शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे, नखशिखांत काळ्या बेसाल्टचे आहे. कर्जतजवळची कोंडाणे लेणीही याच दख्खनी पाषाणात, त्याच्याही हजारएक वर्षे आधी बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली. आज अशा वास्तूंचे दस्तऐवजीकरण लेझर स्कॅनरने केले जाते. हा स्कॅनर म्हणजे सेकंदाला हजारो-लाखो अंतरे मोजणारे आपलेच उपकरण. कोरड्या दिवशी मंदिराची बाह्य भिंत त्याला बऱ्यापैकी उत्तर देते. पावसाळ्यात मात्र तीच भिंत गप्प होते. ओला दगड अधिक काळा का दिसतो, याचे कारण स्वीडनचे शास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांनी १९२५ साली दिले. दगडावरून विखुरलेला प्रकाश बाहेर पडताना पाण्याच्या पातळ थरात अडकतो. त्याचा बराच भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा दगडावर आपटतो, आणि प्रत्येक आपटण्यात दगड आपला वाटा शोषून घेतो. आधीच गरीब असलेला प्रतिसाद आणखी घटतो. अंबरनाथच्या मंदिराचे गर्भगृह सभामंडपापेक्षा खोल, पायऱ्या उतरून जावे लागते असे आहे. अशा ठिकाणी ओल आणि अभिषेकाचे पाणी-दूध, म्हणजे जे जे स्कॅनरला नको ते सर्व, एकत्र असते. तेल-तुपाने गुळगुळीत झालेला दगड तर आणखी एका अडचणीत टाकतो.

ती अडचण चकाकीची. शाळेच्या पुस्तकात नियमित आणि अनियमित परावर्तन असे दोन प्रकार आपण शिकतो. लेझर मापनाचा सगळा व्यवहार अनियमित परावर्तनावर चालतो. खडबडीत भिंत प्रकाश चहूकडे उधळते, म्हणून उपकरण कोठेही असले तरी त्याला वाटा मिळतो. आरसा तसे करीत नाही. किरण सरळ लंब पडला नसेल तर तो दुसरीकडेच जातो, आणि तिकडच्या कपाटावर किंवा पडद्यावर आपटून त्याच वाटेने परत येतो. उपकरण आरशाचे अंतर न सांगता आरशात दिसणाऱ्या कपाटाचे अंतर सांगते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातील सुतारांना याचा अनुभव नित्याचा आहे. जुन्या सनमायकावर लेझर बरा चालतो. आजकालच्या अतिचकचकीत लॅमिनेटवर आणि आरसे लावलेल्या दारांवर आकडा कधी येतच नाही, कधी भलताच येतो. मुरलेला सुतार तेथे स्टीलचा टेपच काढतो, आणि त्याचे बरोबर आहे. एक सावधगिरीही येथे सांगितली पाहिजे: या उपकरणांचा प्रकाश सामान्यतः १ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा असतो, तरी त्याच्याकडे टक लावून पाहू नये, आरशावरून परतलेला किरण थेट किरणाइतकाच डोळ्याला वाईट.

पारदर्शक पदार्थ याहून मौजेचे आहेत. पाण्यात आणि काचेत प्रकाश मंदावतो, परंतु उपकरण मात्र तो हवेतूनच गेला असे धरून हिशेब करते. वसतिगृहातील एका रिकाम्या बादलीत तळाशी पांढरा कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा, उपकरण वर स्थिर बांधून तळाचे अंतर मोजावे, आणि मग ३० सेंटिमीटर स्वच्छ पाणी ओतून पुन्हा मोजावे. आकडा सुमारे १० सेंटिमीटरने वाढलेला मिळेल. डोळ्याला तळ वर आल्यासारखा दिसतो आणि लेझरला तो खाली गेल्यासारखा, हा विरोधाभास विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा असा आहे. डोळा किरणांच्या वाकण्यावरून अंदाज बांधतो, तर उपकरण त्यांच्या उशिरावरून. दोघांचे कारण मात्र एकच, पाण्याचा १.३३ हा अपवर्तनांक. याच न्यायाने ५ मिलिमीटर जाडीच्या बंद काचेतून मोजले तर सुमारे अडीच मिलिमीटर जास्त येतात. खोक्यावरचा दावा तेवढ्यानेच मोडला!

नदीच्या पाण्याची पातळी लेझरने का मोजत नाहीत, हे यावरून ध्यानात येईल. २६ जुलै २००५ आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीने बदलापूर परिसरात काय केले, ते येथील कोणालाही सांगावयास नको. दुसऱ्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली होती. अशा नदीवर पातळीची नोंद ही जीवनमरणाची बाब आहे. शांत, स्वच्छ पाणी लेझरचा थोडासाच भाग परत फेकते आणि उरलेला आत घेते. पुराचे गढूळ पाणी प्रकाश परत करते खरे, पण तो पृष्ठावरून नव्हे, तर पृष्ठाखाली तरंगणाऱ्या गाळातून. आणि गाळ कमी-जास्त होईल तसे हे ‘खाली’ बदलत राहते. म्हणून पुलावर बसविल्या जाणाऱ्या पातळीमापकांत रडारच्या सूक्ष्मतरंगांना पसंती असते, कारण पाण्याचा पृष्ठभाग त्यांना जवळजवळ भिंतीसारखा असतो. एकाच पृष्ठभागाचा स्वभाव तरंगलांबी बदलली की बदलतो.

पाणी आणि भिंत यांच्यामध्ये कोठे तरी संगमरवर बसतो. आपल्या विहारांतील तथागतांच्या शुभ्र मूर्ती पुष्कळदा संगमरवराच्या असतात, आणि त्यांच्या मुखावरचे ते मृदू तेज काही अंशी याच गुणामुळे आहे: प्रकाश दगडात थोडा आत शिरतो, स्फटिकांत भटकतो आणि मग बाहेर पडतो. लेझरला मात्र हा प्रकाश थोडा खोलवरून आल्यासारखा वाटतो. १९९९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने इटलीत मायकेलअँजेलोचा संगमरवरी ‘डेव्हिड’ लेझरने टिपला, तेव्हा मिलिमीटरच्या अंशातील तपशील हवा असलेल्या त्या कामात संगमरवराचा हा गुण नडला होता. खोलीच्या मापात त्याचा उपद्रव नाही. थर्मोकोलचा मात्र आहे. तो डोळ्याला चुन्यासारखा पांढरा, म्हणून लक्ष्य म्हणून वापरण्याचा मोह होतो. परंतु तो हवेच्या कोशांनी भरलेला असल्यामुळे प्रकाश चांगलाच आत शिरतो आणि माप लांबते. मेणबत्ती, दुधी प्लॅस्टिक आणि जाड फेसाच्या गाद्या याच जातीच्या आहेत. पांढरेपणा हा गुण आहे, पण अपारदर्शक पांढरेपणा हवा.

पृष्ठभाग निर्दोष असला तरी तो कोणत्या कोनात समोर येतो याला महत्त्व आहे. लेझरचा ठिपका बिंदू नसतो; १० मीटरवर तो साधारण ६ मिलिमीटर रुंद होतो. किरण लंबापासून ६० अंश तिरपा पडला तर ठिपका दुप्पट लांब होतो आणि त्याच्या जवळच्या व दूरच्या कडांच्या अंतरांत १० मिलिमीटरचा फरक पडतो. उपकरण या सर्वांची प्रकाशाच्या प्रमाणात सरासरी देते. भिंत एकसारखी असेल तर सरासरी मध्यावर येते. पण ठिपक्याचा अर्धा भाग चुन्यावर आणि अर्धा शेवाळलेल्या काळ्या पट्ट्यावर असेल, तर उजळ अर्धा जिंकतो आणि माप २ मिलिमीटरच्या आसपास सरकते. कडेवर तर याहून वाईट घडते. ठिपका अर्धा ग्रिलच्या गजावर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला, तर कला पाहणारे उपकरण दोघांच्या मधले असे एक अंतर सांगते जेथे प्रत्यक्षात काहीच नाही. मंदिराच्या शिल्पपटाच्या स्कॅनमध्ये मूर्तीच्या हातामागे, कमानीच्या कडेला असे भुताटकीचे बिंदू हवेत लटकलेले दिसतात. ते वेचून काढणे हा अशा कामाचा सर्वांत कंटाळवाणा भाग.

पृष्ठभाग नेहमी वैरीच असतो असे नाही. तीन परस्परलंब आरशांचा कोपरा असा चमत्कारिक असतो की किरण कोणत्याही दिशेने आला तरी तो आल्या वाटेने परत जातो; सायकलच्या मागचा लाल परावर्तक आणि रस्त्यावरच्या चमकत्या पाट्यांमागे हीच कल्पना आहे. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी असे १०० लोलक चंद्रावर ठेवले आणि त्यांच्यामुळे पृथ्वी-चंद्र अंतर सेंटिमीटरच्या हिशेबात मोजता येऊ लागले. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम अवतरकावरही नासाने दिलेला असा लहानसा संच आहे: रुंदी सुमारे ५ सेंटिमीटर, वजन २० ग्रॅम, लोलक आठ. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर सोडला आणि उत्तर मिळाले. विक्रम तोवर कायमचा निद्रिस्त झाला होता. परावर्तकाला विजेची गरज नसते. खोलीत मात्र अशा चमकत्या पाटीवर मोजू नये. जवळून येणारा तिचा प्रतिसाद इतका प्रखर असतो की साध्या उपकरणाचा संवेदक दिपून जातो.

कामाच्या जागी यातून निघणारे उपाय अगदी स्वस्त आहेत. मळकट पांढऱ्या, न चकाकणाऱ्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा पलीकडच्या टोकाला सपाट धरला की काच, आरसा, ओल, रंग आणि खडबडीतपणा हे सर्व प्रश्न एकदम संपतात. पुठ्ठ्याची जाडी मापात मिळवायची एवढेच. लक्ष्य ओलांडणाऱ्या किरणासाठी गुण्याने काटकोन आणि ओळंब्याने उभा सरळपणा तपासायचा, जे गवंडी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. सदनिकेचे माप घेताना दोन्ही पक्षांनी प्रत्येक माप कोणत्या पृष्ठापासून कोणत्या पृष्ठापर्यंत घेतले ते कागदावर लिहावे. वादाच्या वेळी आकड्यापेक्षा हे लिखाण अधिक कामास येते. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज साइटवर पर्यवेक्षक, सुतार किंवा पीओपीचे कारागीर आहेत, त्यांना हे नवे नसेल. पण घर घेणाऱ्या त्यांच्या नातलगांना ते नवे असू शकते.

एका वापराविषयी मात्र स्पष्ट इशारा द्यावयास हवा. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. त्यानंतर जुन्या इमारतींतले रहिवासी स्वतःच लेझरने छताची उंची मोजून स्लॅब झोळला आहे का ते पाहू लागले तर नवल नाही. मध्यावरची उंची कोपऱ्यापेक्षा कमी भरली तर ती खूण गंभीरपणे घ्यावी. पण उलट निष्कर्ष काढता येत नाही. जमिनीच्या फरश्याच ४-५ मिलिमीटर वरखाली असतात. छताला ओल आलेली असते, गिलावा फुगून सुटलेला असतो, आणि लेझर त्या फुगलेल्या गिलाव्याचे अंतर सांगतो, आतल्या काँक्रीटचे नव्हे. शिवाय सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटला आतून फोडतात, तेव्हा स्लॅब झोळण्याआधीच तुकड्या-तुकड्याने खाली येऊ शकतो. ही विकृती पृष्ठभागाखाली आहे. पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाला ती दिसत नाही. ती हातोडीने ठोकून येणाऱ्या पोकळ आवाजात, ध्वनितरंगांच्या चाचणीत आणि सळ्यांचा गंज ओळखणाऱ्या विद्युत चाचणीत सापडते. महानगरपालिका क्षेत्रातील ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ती नोंदणीकृत अभियंत्याकडूनच करून घ्यावी लागते. तपासणी होईपर्यंत छताच्या मध्यावर व चारही कोपऱ्यांत पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे पक्के चिकटवून, जमिनीवरील ठरावीक खुणांपासून दर आठवड्याला त्याच वेळी उंची मोजून तारखेसह लिहून ठेवावी. एकट्या मापाला तेथे फारसा अर्थ नाही. चार-सहा आठवड्यांत आकडे एकाच दिशेने सरकत असतील तर मात्र अभियंत्याची वाट न पाहता खोली रिकामी करावी.